सू शेफची जागा पासवर

ताई,

मी कराडची, वय २९. हॉटेल मॅनेजमेंट करून पुण्यात किचनमध्ये लागले आणि चार महिन्यांपूर्वी आमच्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये सू शेफ, म्हणजे शेफच्या खालोखाल, झाले. पास्ता सेक्शनला एक भैया आहेत, मूळ गढवालचे, वय ४६. रेस्टॉरंट उघडलं तेव्हापासून ते इथे आहेत. सगळ्यांना वाटत होतं की तेच सू शेफ होणार. मी स्वतः कॉमी, म्हणजे सगळ्यात खालची शिकाऊ कुक, असताना त्यांच्या हाताखाली शिकले. आता ते माझ्याशी कामापुरतंही धड बोलत नाहीत. शेफ आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या आउटलेटला असतात, त्या दिवशी भैया मनाला येईल तसं करतात. कार्बोनारा या अंड्या-चीजच्या पास्त्यात क्रीम घालतात, पास्ता दुपारीच उकडून तेल लावून ठेवतात. काही म्हटलं की एकच उत्तर, "गेस्ट को यही पसंद है."

मागच्या शनिवारी कहर झाला. साडेनऊला तीन टेबलं एकदम लागली. चार कार्बोनारा, दोन रिसोटो, दोन मासे, वर पिझ्झे. भैया सावकाश चालले होते. मी पासवरून, म्हणजे ऑर्डर पुकारायच्या आणि तयार प्लेटा बाहेर जायच्या काउंटरवरून, आत गेले, त्यांना बाजूला केलं, पॅन हातात घेतला आणि चारही कार्बोनारा मीच काढले. तोवर मासे पासवर पडून सुकले. एक टेबल न जेवता उठून गेलं. त्यानंतर भैयांनी बोलणंच टाकलं, आणि बाकीची मुलं माझ्याकडे न बघता "येस शेफ" म्हणतात.

रात्री दीडला घरी पोचते. आई सध्या माझ्याकडेच असते, ती विचारते, हे किती दिवस चालायचं? एक एजंट म्हणतोय की इटलीतल्या रिमिनीच्या एका हॉटेलात उन्हाळ्याच्या सीझनसाठी नोकरी लावून देतो, कॉमीच्या पदावर. जाऊ का?

ता. क. अंडं न खाणाऱ्या गेस्टसाठी बिनअंड्याचा ताजा पास्ता करतो, तो उकळताना तुटतो. काय चुकतंय?

– एक सू शेफ, पुणे

*

प्रिय मैत्रिणी,

क्रीम, उकडलेला पास्ता, रिमिनी, सगळ्यावर बोलू. पण गाठ बसली आहे ती शनिवारच्या साडेनऊला, आणि ती मला तुझ्यापेक्षा वेगळ्या जागी दिसते. वाचून राग येईल, तरी आधी तेच लिहिते.

भैया सावकाश चालले नव्हते. एका पॅनमध्ये कार्बोनाराचे दोन पोर्शन नीट होतात. चार टाकले की तळाचा पास्ता पोळतो, वरचा कोमट राहतो, अंडं एकीकडे गोठतं आणि दुसरीकडे कच्चं. म्हणजे चार पोर्शनला दोन पॅन, नाहीतर एकामागून एक दोन खेपा. इतकी वर्षं या सेक्शनला काढलेला माणूस गर्दीत संथ दिसतो, कारण घाई केली तर चारही प्लेटा परत येणार हे त्याला ठाऊक असतं. चुकलं ते पासवर. तू लिहिलेलं नाहीस, पण मासे आधी होऊन पडून राहिले यावरूनच कळतं की तिन्ही टेबलं तू एका दमात फायर केलीस, म्हणजे सगळं एकदम बनवायला पुकारलंस.

एका टेबलाला मासा, रिसोटो आणि पिझ्झा आहे असं धर. माशाला बारा मिनिटं, अर्धवट शिजवून ठेवलेल्या रिसोटोला सहा-सात, आणि भट्टी ४५० अंशांच्या आसपास तापलेली असेल तर पिझ्झ्याला जेमतेम दीड मिनिट. म्हणजे आधी मासा पुकारायचा. पाचेक मिनिटांनी रिसोटो. मासा तव्यावरून उतरला की पिझ्झा भट्टीत. त्याच टेबलावर कार्बोनारा असेल तर तो अगदी शेवटी, कारण तो थांबत नाही. पासवर दोन मिनिटं राहिला की सॉस आळून पास्त्याचा गोळा होतो. आता अशी तीन टेबलं असतील तर दुसरं टेबल पहिल्याच्या चार-पाच मिनिटं मागे ठेवायचं, आणि तिसऱ्यासाठी वेटरांच्या कॅप्टनला सांगायचं की ब्रेड आणि अँटीपास्टी (सुरुवातीचे पदार्थ) आधी फिरवा, मेनला वीस मिनिटं लागतील. हे कॅप्टनला सांगणारं त्या वेळी किचनमध्ये दुसरं कुणीही नव्हतं. तू पास सोडलास तेव्हा लाइनवर एक हात वाढला आणि सगळ्या लाइनचं डोकं गेलं.

चांगल्या कुकला सू शेफ केलं की सुरुवातीच्या महिन्यांत हे हटकून होतं. हात पॅनकडे धावतो, कारण आजवर अडचणीतून आपल्याला हातानेच बाहेर काढलेलं असतं. पण ऑग्यूस्त एस्कॉफिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात किचनची जी फळी बसवली आणि जी आजही आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या किचनमध्ये चालते, तिच्यात सेक्शन सांभाळायला सेक्शनचा माणूस असतो आणि सगळे सेक्शन एका वेळेत बांधायला शेफ. शेफ नसले की ते काम तुझं. येत्या शनिवारपासून सर्व्हिस सुरू झाल्यावर पॅनला हात लावायचा नाही असं स्वतःला बजाव. कुणी खरंच बुडत असेल तर शेजारच्या सेक्शनचा कॉमी त्याच्या मदतीला पाठव. तू जागेवरून हलू नकोस. एका कागदावर टेबल नंबर, केओटीची (किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीची) वेळ आणि फायर केल्याची वेळ लिहीत जा. थोड्याच दिवसांत तो कागद तुझ्या डोक्यात चालायला लागेल.

आता भैया. भर सर्व्हिसमध्ये, ज्यांना त्यांनी शिकवलं त्या मुलांसमोर, त्यांच्याच शिष्येने त्यांच्या हातातला पॅन काढून घेतला. प्रमोशनचं दुःख त्यांनी चार महिने गिळलं होतं, हे मात्र गिळण्यासारखं नव्हतं. माफी तुला मागावी लागेल, आणि तीही "पण" न जोडता. ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर नको, त्यांना अवघडल्यासारखं होईल. व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. दुपारची सर्व्हिस संपते, स्टाफ मील होतं आणि माणसं मागच्या दाराशी चहा घेऊन उभी असतात, ती वेळ बरी. शनिवारी ऑर्डर मी चुकीची पुकारली, दोष तुमचा नव्हता, पॅन ओढून घ्यायला नको होता, एवढंच सांग आणि थांब. ते लगेच काही बोलणार नाहीत. बोलावेत अशी अपेक्षाही धरू नकोस.

दोन-तीन दिवस जाऊ देत, मग दुसरं बोलणं. ते त्यांच्या भाषेत कर, मोकळेपणाने: "भैया, सर्व्हिस में मैं जो बोलूँ वो मान लीजिए, सर्व्हिस के बाद आप जो बोलेंगे मैं बैठके सुनूँगी." आणि खरंच बसून ऐक. वयाने मोठ्या माणसाला हुकूम कसा सोडायचा हा संकोच तुझ्या पत्रात पानभर पसरलाय. त्यावर एवढंच सांगते की "भैया" आणि "आप" सोडायची गरज नाही. पासवरून "भैया, दो कार्बोनारा, टेबल छे, पिकअप" असं स्पष्ट आवाजात पुकारलंस तर त्यात मानही राहतो आणि हुकूमही. आपल्या मुली दोन्ही टोकं गाठतात, एक तर विनवतात नाहीतर ओरडतात. किचनला मधला आवाज लागतो, आणि तो सरावाने येतो.

एक गोष्ट तुझ्या हातात नाही, ती शेफकडून करून घे. भैयांना डावललं का, हे त्यांना कुणी सांगितलंय का? माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. नोटीस बोर्डवर कागद लागतो आणि माणूस आपली कारणं आपणच शोधत बसतो. कदाचित इंडेंट (मालाची मागणी), कॉस्टिंग आणि ईमेल तुला जमतात म्हणून तू झालीस. हे शेफनी त्यांना समोर बसवून सांगायला हवं, आणि त्यांच्या अनुभवाला साजेसं पद आणि पगार यावरही बोलायला हवं. तू शेफकडे जाऊन त्यांच्यासाठी शब्द टाक, आणि टाकलास हे भैयांना सांगत फिरू नकोस.

क्रीमचं भांडण तू धर्मयुद्धासारखं लढते आहेस, ते सोड. आज रोमचा म्हणून मिरवणारा कार्बोनारा दुसऱ्या महायुद्धानंतर रुळला. १९५४ साली इटलीतल्या एका पाककृतींच्या मासिकात त्याची जी कृती छापून आली तिच्यात ग्रुयेर चीज आणि लसूण होता. ग्वांचाले (डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस), पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज), अंडं, मिरी आणि बाकी काही नाही, हा कडक नियम नंतरचा आहे. मला तो नियम आवडतो. क्रीमने पेकोरिनोचा खारट तिखटपणा आणि मिरीचा वास दोन्ही मंदावतात, आणि चार घासांनंतर जीभ कंटाळते. पण भैया क्रीम का घालतात, हे तू कधी विचारलंस का? मी सांगते. क्रीम फाटत नाही. पासवरून वेळी-अवेळी पिकअप, म्हणजे "आता प्लेट द्या" ही हाक, येतो, प्लेट उचलायला वेटर नसतो, तेव्हा क्रीमचा सॉस पाच मिनिटं तग धरतो आणि अंड्याचा धरत नाही. क्रीम हा त्यांनी बेभरवशाच्या पासवर काढलेला विमा आहे. पास सुधार, म्हणजे विम्याची गरज कमी होईल.

सोबत पद्धतही बदलावी लागेल. अंड्याचा बलक साधारण ६५ अंशांना घट्ट व्हायला लागतो आणि ७० च्या पुढे गेला की भुर्जी झालीच. तेव्हा विस्तवावरच्या पॅनमध्ये अंडं ओतायचंच नाही. बलक, किसलेलं पेकोरिनो आणि भरड कुटलेली मिरी यांची घट्ट पेस्ट सर्व्हिसच्या आधी करून चिलरमध्ये ठेवा आणि पोर्शनला किती ग्रॅम ते वजन करून ठरवा. पिकअप आला की स्टीलच्या बोलमध्ये एका पोर्शनची पेस्ट, तिच्यात डावभर पास्त्याचं पाणी घालून सैल करायची. पॅनमध्ये पास्ता आणि ग्वांचालेची चरबी एकत्र परतून पॅन खाली घ्यायचा, चरचर थांबेपर्यंत थांबायचं, मग तो पास्ता बोलमध्ये. बोल पास्ता बॉयलरच्या वाफेवर धरून चिमट्याने गोल गोल ढवळत राहायचं. सॉस चिमट्यावरून रिबिनीसारखा पडायला लागला की प्लेट. हे मुलांना दाखवायला भैयांनाच सांग. त्यांचा हात तुझ्यापेक्षा सफाईदार आहे, हे तुलाही माहीत आहे. अंड्यांचा उरलेला पांढरा भाग पेस्ट्री सेक्शनला द्या, मेरिंग नाहीतर अमारेत्ती होतील.

त्यातूनही कुणा गेस्टला क्रीमचाच पास्ता हवा असेल तर मेनूवर दुसऱ्या नावाने एक ठेवा आणि त्याची किंमत लावा. रेसिपी मात्र लिहून, ग्रॅमसकट, शेफची सही घेऊन सेक्शनला चिकटव. मग तो तुझा हट्ट राहणार नाही, किचनचा कागद होईल.

दुपारी उकडून तेल लावलेला पास्ता हा वेगळा विषय, त्यात मी तुझ्या बाजूने आहे आणि इथे माघार घेऊ नकोस. तेलाने सॉस धरत नाही हे झालंच. पण शिजवलेला पास्ता काय किंवा भात काय, ५ ते ६० अंशांच्या मधे तासन्‌तास राहिला की बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू त्यात वाढतो, आणि त्याचं एक विष असं असतं की नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. तुमचा पास्ता दुपारपासून काउंटरवर असतो की चिलरमध्ये, हे तू लिहिलेलं नाहीस. काउंटरवर असेल तर आजच बंद कर. रिसोटोसाठी अर्धवट शिजवलेल्या तांदळालाही हेच लागू. पातेल्यात ढीग ठेवायचा नाही, ट्रेवर पातळ पसरून भराभर गार करायचा आणि चिलरमध्ये.

आणि तरीही भैयांचं म्हणणं निम्मं खरं आहे. सुक्या स्पगेटीला दहा-अकरा मिनिटं लागतात, शनिवारी दर केओटीला तेवढं थांबणं परवडत नाही. मग मेनू दोन भागांत पाड. लासान्या, बेक केलेले पास्ते आणि टोमॅटो सॉसची पेने यांना आधी दोन तृतीयांश शिजवून, ट्रेवर गार करून ठेवलेलं चालतं. कार्बोनारा आणि काचो ए पेपे (पेकोरिनो आणि मिरीचा पास्ता) यांना चालत नाही, कारण त्यांचा सॉस पास्त्याच्या पाण्यातल्या स्टार्चवर उभा राहतो. पेकोरिनोच्या गुठळ्या का होतात यावर इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये शोधनिबंध छापला. चीजच्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्टार्च असला की सॉस फाटत नाही, असं त्यांना दिसलं. लाइनवर त्याचा उपयोग असा की संध्याकाळी सातला बॉयलरमधलं पाणी पातळ असतं, तेव्हा पहिल्या दोन-चार ऑर्डरचा सॉस बिघडतो. सर्व्हिसआधी त्या पाण्यात स्टाफ मीलचा पास्ता उकडून घ्या. दहा वाजेपर्यंत तेच पाणी पेजेसारखं होतं, मग निम्मं काढून ताजं घाला. मीठ लिटरला दहा ग्रॅमपेक्षा कमीच ठेवा, कारण पेकोरिनो स्वतःच खारट असतं.

"कच्चा आहे" म्हणून पास्ता परत येत असेल, तर तो फक्त तुमच्याकडे येत नाही, पुण्या-मुंबईच्या प्रत्येक इटालियन किचनमध्ये येतो. त्यावर गेस्टला इटली शिकवायला जाऊ नकोस. ऑर्डर घेतानाच कॅप्टनने एक वाक्य विचारावं, "पास्ता थोडा दाताला लागेल असा असतो, की मऊ आवडेल?" मऊ हवा असेल तर केओटीवर तसं लिहायचं आणि मिनिटभर जास्त द्यायचं.

शाकाहारी गेस्टचं निघालंच आहे तर एक गोष्ट तपासून घे. पारंपरिक पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विकराने, विरजतात, पेकोरिनो रोमानो कोकराच्या. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक चीजच्या पाकिटावरचा ठिपका आणि घटकांची यादी स्वतः वाच, आणि व्हेज डिशसाठी मायक्रोबियल रेनेटचं चीज वेगळ्या डब्यात, वेगळ्या खिसणीसकट ठेव. समोरच्या माणसाने विश्वासाने घास घेतलेला असतो. इथे "चालतंय" चालत नाही.

अन्नसुरक्षेचं तुला अधिकाराने बोलता यावं म्हणून एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचं फॉस्टॅक प्रशिक्षण केलेलं नसेल तर करून टाक. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर असावा असा त्यांचा दंडक आहे. ते प्रमाणपत्र तुझ्या नावावर असलं की काउंटरवरचा पास्ता फेकायला लावताना "ही कोण सांगणारी" हा प्रश्नच येत नाही.

आता रात्री दीडचं. तुझ्या पत्रावरून वाटतं की सगळी क्लोजिंग तूच करतेस. का? शेफ नसतात त्या तीन रात्रींपैकी एक आणि इतर दिवसांतली एक, अशा दोन रात्री भैयांना क्लोजिंगचा चार्ज दे. लेखी दे, रोस्टरवर त्यांच्या नावासमोर. चिलरचं तापमान, गॅसची मेन, उरलेल्या मालावरची लेबलं आणि दुसऱ्या दिवसाची प्रेप (आगाऊ तयारीची) लिस्ट, सगळं त्यांच्या सहीने. तू अकराला निघ. हे त्यांना खूश करायला नाही. तुझ्याशिवाय किचन बंद होत नसेल तर ती तुझ्या कामातली उणीव आहे. प्रेप लिस्ट मात्र तू दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायची. मागच्या चार शुक्रवारी किती कार्बोनारा गेले ते बघून बलक किती काढायचे हे ठरतं, "अंदाजाने" नाही. फूड कॉस्ट वाढल्याचं बोलणं महिनाअखेरीस तुलाच ऐकावं लागणार आहे, आणि ते बहुतेक वेळा जास्त प्रेप करून फेकलेल्या मालातून आलेलं असतं.

तासांबद्दल कायद्याचंही माहीत असू दे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. पर्यवेक्षकीय पदावरच्यांना त्यातून वगळता येतं, त्यामुळे तू स्वतः त्यात बसशील असं नाही. पण तुझे कॉमी बसतात, आणि त्यांचं रोस्टर तू बनवतेस. ब्रेक शिफ्टमध्ये दुपारचे दोन तास पोरं कुठे पडतात ते एकदा बघून ये. स्टोअरमध्ये पोत्यांवर झोपत असतील तर आधी त्यांच्या चटईची सोय कर. "येस शेफ" म्हणताना ती तुझ्याकडे बघायला लागतील.

रिमिनीला आत्ता जाऊ नकोस. इटलीत काम करायची तुझी इच्छा खरी असेल, आणि ती असावी असं मला वाटतं, कारण एकदा तिथल्या किचनमध्ये उभं राहिल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. पण आज तू भैयांपासून पळून निघाली आहेस. उन्हाळ्यात एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरची हॉटेलं तुडुंब असतात, तिथल्या सीझनला कॉमी म्हणजे नाश्त्याच्या कॉर्नेत्तोपासून रात्रीच्या बुफेपर्यंत सोलणं, चिरणं आणि ट्रे भरणं. जे तू इथे कधीच मागे टाकलंयस, त्यासाठी सू शेफची पहिली जागा चार महिन्यांत सोडणं मला पटत नाही. वर्षभर हे किचन सांभाळ. मग जा, आणि कॉमी म्हणून नको, सेक्शन सांभाळणारी कापोपार्तीता म्हणून अर्ज कर.

एजंटबद्दल नीट ऐक. बाहेरून येणाऱ्या कामगारासाठी 'नुल्ला ओस्ता' हा परवाना तिथल्या मालकाने तिथल्या इमिग्रेशनच्या कचेरीत मागायचा असतो. तो निघाल्यावरच तुला इथे वकिलातीत व्हिसासाठी जाता येतं. सीझनचं काम जास्तीत जास्त नऊ महिन्यांचं. या परवान्यांना दरवर्षी सरकारने ठरवलेला कोटा असतो, त्यामुळे "व्हिसाची गॅरंटी" कुणीच देऊ शकत नाही. हॉटेलचं नाव, पत्ता आणि करारपत्र हातात येण्याआधी एजंट पैसे मागत असेल तर तिथेच थांब. करारात कुठला राष्ट्रीय कामगार करार लागू आहे आणि कितवी श्रेणी, ते लिहिलेलं असावं लागतं. हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांच्या करारात आठवड्याला ४० तास आणि वर्षाला १४ पगार धरतात. तुझ्या कागदावर यातलं काही नसेल तर तो कागद नोकरीचा नाही. दरम्यान भाषेचा क्लास लाव. पासवर पुकारलेलं समजण्यापुरती इटालियन वर्षभरात सहज येते.

आता ताज्या कलमातला पास्ता. तुम्ही मैदा आणि पाणी वापरत असणार. अंड्याचं प्रथिन गेलं की मैद्याची पातळ पोळी उकळत्या पाण्यात टिकत नाही. इटलीच्या दक्षिणेत, पुल्यापासून खाली, रोजचा पास्ता बिनअंड्याचाच असतो, पण तो दुरम गव्हाच्या बारीक रव्याचा. आपल्याकडे बन्सी रवा म्हणून मिळतो तो दुरमचाच. उपम्याचा साधा रवा नव्हे. तो मिक्सरमधून आणखी बारीक करून चाळून घे. १०० ग्रॅमला ५० ग्रॅम कोमट पाणी. आधी भुसभुशीत आणि कोरडं वाटेल, पाणी वाढवू नकोस. दहा मिनिटं तळहाताच्या टाचेने मळ, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेव, मग पुन्हा मळ. लाटून ताल्यातेल्ले (लांब पट्ट्या) करायला जाऊ नकोस. या पिठाचे जाडसर, लहान आकार करायचे, ओरेक्येत्ते किंवा काव्हातेल्ली. पिठाची वळी कापून बोटाने फळीवर दाबत ओढली की काव्हातेल्ली होतो. आईला विचार, लग्नघरात गव्हले आणि नखुल्या केलेल्या बायकांना ही बोटाची चाल सांगावी लागत नाही. मुलांना शिकवायला तिला एखाद्या दुपारी किचनमध्ये घेऊन ये, शेफची परवानगी काढून.

झालेला पास्ता रव्याने भुरभुरलेल्या ट्रेवर एका थरात ठेव. पावसाळ्यात बाहेर वाळत घालू नकोस, चिकट होऊन आंबतो. तसाच ट्रे फ्रीजरमध्ये घालून कडक झाला की पिशव्या भर, आणि गोठलेलाच उकळत्या पाण्यात सोड. तुझ्या भागात खपली गहू मिळतो, आणि इटलीत फार्रो दिकोक्को म्हणतात तो हाच गहू. त्याचं पीठ थोडं मिसळलंस तर रंग आणि खमंगपणा दोन्ही येतात. पण चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ नकोस, खपलीचं ग्लुटेन अशक्त असतं आणि पास्ता पुन्हा तुटायला लागेल.

तुझी,
ताई